परीक्षा 'असेल' म्हणजे नक्की काय?

जालना जिल्ह्यातील जाफराबाद तालुक्यात टेंभुर्णी हे गाव आहे. तिथल्या आपल्या वस्तीतील एका मुलाची ही हकिकत. मुलगा आय. टी. आय. झालेला. वडील गवंड्याच्या हाताखाली काम करणारे, आई रोजंदारीने निंदणी-वेचणीला जाणारी. त्याला औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) बाजूच्या एका कारखान्याचे मुलाखतीचे पत्र आले. पत्र इंग्रजीत. त्यात दोन वाक्ये एकाखाली एक होती. पहिले वाक्य असे: द इंटरव्ह्यू विल बी ॲट टू पी. एम. दुसरे असे: देअर विल बी अ रिटन टेस्ट इन द मॉर्निंग.

मुलाने शब्दाला शब्द लावून अर्थ काढला. मुलाखत दोन वाजता. तिथे सकाळी लेखी परीक्षा असेल. आईने विचारले, "परीक्षा हाय का मग?" तो म्हणाला, "आसंल म्हणून लिवलंय." शेजारचे एक काका, चार इयत्ता जास्त शिकलेले, तेही म्हणाले, "आसंल म्हंजी आसंल न्हाई तर नसंल. तुझं काम दोन वाजता. घाई कशाला करतो?"

उसन्या पैशांतून नवे बूट घेतले होते. ते घालून मुलगा एस. टी. ने निघाला आणि बारा वाजता कारखान्याच्या गेटवर पोचला. गेटवरच्या माणसाने यादी पाहिली. लेखी परीक्षा सकाळीच आटोपली होती. पास झालेल्यांचीच मुलाखत. याचे नाव यादीत असण्याचा प्रश्नच नव्हता. पोरगा संध्याकाळच्या गाडीने परत आला.

कारखान्याचे पत्र चुकीचे नव्हते, आणि मुलाने लावलेला शब्दार्थही तसा चुकीचा म्हणता येत नाही. 'विल बी' म्हणजे 'असेल' हे त्याला शाळेत शिकवलेलेच होते. मग घोटाळा कुठे झाला? तो झाला आपल्या मराठीच्या 'असेल' या शब्दात. म्हणून पालकांनो आणि विद्यार्थी मित्रांनो, आज या पानावर ह्या एका शब्दाची नीट चौकशी करू.

आपण रोज 'असेल' हा शब्द दोन कामांना वापरतो. "बाबा कुठे आहेत?" "पारावर असतील." इथे पुढच्या काळाचा काही संबंध नाही. बाबा आत्ता पारावर आहेत असा आपला अंदाज आहे, खात्री नाही. "शाळेत आज मास्तर आहेत का?" "असतील की." हाही अंदाजच. दुसरीकडे, "पुढच्या वर्षी गावात नवी टाकी असेल" असे म्हटले की आपण पुढच्या काळाविषयी बोलतो. पण पहिल्या कामाची सवय इतकी मुरलेली आहे की दुसऱ्या कामातही शंकेचा वास राहतोच. टाकी असेल, म्हणजे झाली तर झाली. आमच्या मराठवाड्यात 'आसंल' म्हणताना तर माणूस खांदेसुद्धा उडवतो.

मराठीत खात्रीने सांगायचे असले की आपण 'असेल' म्हणतच नाही. "रविवारी सभा आहे." "सोमवारी परीक्षा आहे." "पुढच्या महिन्यात लग्न होणार आहे." जी गोष्ट ठरली ती 'आहे' किंवा 'होणार आहे'. त्या मुलाच्या पत्राचा मराठीतला खरा अर्थ होता, "सकाळी लेखी परीक्षा होणार आहे." एवढे कोणी सांगितले असते तर पोरगा पहाटेच्या गाडीने गेला असता.

इंग्रजीत शंकेसाठी शब्द वेगळे आहेत. परीक्षा होईल किंवा होणार नाही, काही सांगता येत नाही, असे लिहायचे असते तर कारखान्याने लिहिले असते, देअर मे बी अ रिटन टेस्ट. 'मे' आला की समजावे, इथे मोकळीक आहे. 'विल' आला की समजावे, ठरले आहे, तयारीला लागा. (इंग्रजीतही कधीमधी 'विल' अंदाजाला येतो. दार वाजले की साहेब म्हणतो, दॅट विल बी द पोस्टमन. पण कार्यालयाच्या पत्रात, नोटिशीत आणि जाहिरातीत असा 'विल' समजू नये.)

आता त्या 'देअर' कडे वळू. मुलाने त्याचा अर्थ 'तिथे' असा लावला. शाळेत 'हिअर' म्हणजे इथे, 'देअर' म्हणजे तिथे असे घोकलेले असते, म्हणून तो तसा लावला जातो. पण या वाक्यातला 'देअर' म्हणजे तिथे नव्हे. त्याला काही अर्थच नाही. बोलताना त्यावर जोरही देत नाहीत, तो हलकेच उच्चारून पुढे जातात. मग तो हवा कशाला?

एस. टी. च्या गर्दीत आपण काय करतो? खिडकीतून हात घालून बाकावर रुमाल टाकतो. रुमाल काही प्रवास करणार नसतो. पण जागा धरली जाते, आणि खरा प्रवासी मागून येऊन बसतो. 'देअर' हा तसा रुमाल आहे. इंग्रजी वाक्याचा नियम असा की क्रियापदाच्या आधीची, म्हणजे कर्त्याची जागा रिकामी ठेवायची नाही. आणि इंग्रजी बोलणाऱ्याला नवी गोष्ट वाक्याच्या तोंडाशीच आणून आदळणे आवडत नाही. तेव्हा तो आधी 'देअर' चा रुमाल टाकतो, मग 'विल बी' म्हणतो आणि मागून सांगतो की काय असणार आहे. देअर विल बी अ मीटिंग. सभा होणार आहे. कुठे आणि कधी ते शेवटी: देअर विल बी अ मीटिंग ॲट द विहार ऑन संडे.

आपली मराठी याच्या बरोबर उलट चालते. "रविवारी विहारात सभा आहे." वेळ आधी, जागा मग, नवी गोष्ट क्रियापदाला टेकून. म्हणून आपली मुले लिहितात, ऑन संडे इन विहार मीटिंग विल बी. प्रत्येक शब्द बरोबर, पण वाक्य मराठी. परीक्षक गुण कापतो आणि मुलाला कळत नाही की का कापले. त्याला एवढेच सांगायला हवे होते की बाळा, रुमाल टाकायचा राहिला.

रुमाल आणि 'तिथे' हे दोन्ही 'देअर' एका वाक्यात येऊ शकतात, हे मुलांना दाखवले की गाठ पक्की बसते. देअर विल बी अ मीटिंग देअर. पहिला रुमाल, दुसरा तिथे.

प्रश्न विचारायचा असला की रुमाल आणि 'विल' जागा बदलतात. विल देअर बी अ बस आफ्टर एट? आठनंतर गाडी असेल का? उत्तर, येस, देअर विल. नसेल तर, नो, देअर वोन्ट. इंग्रजी उत्तरात गाडीचे नावही घ्यावे लागत नाही, रुमालावर भागते.

एक सोय मात्र इंग्रजीने करून ठेवली आहे, तिचा फायदा आपल्या मुलांनी घ्यावा. 'इज' आणि 'आर' यांचा घोळ सगळ्यांनाच छळतो. एक असले की 'देअर इज', अनेक असले की 'देअर आर'. पण 'विल बी' ला एक-अनेक काही नाही. देअर विल बी अ टीचर. देअर विल बी फोर टीचर्स. 'विल' तसाच राहतो. मराठीत मात्र 'असेल' चे 'असतील' करावे लागते.

'गोइंग टू बी' म्हटले की 'इज-आर' परत येतात. हा प्रकार आपल्या 'णार' च्या जवळचा. आभाळ भरून आले, वारा पडला, म्हातारी म्हणते, "पाणी येणार बघ." हे नुसते सांगणे नव्हे, डोळ्यांसमोर खुणा दिसत आहेत. इंग्रज म्हणेल, देअर इज गोइंग टू बी रेन. पण आठवड्याने पावसाचा संभव कळवणारे वृत्तपत्र लिहील, देअर विल बी रेन. बोलताना लोक हा भेद नेहमीच पाळतात असे नाही. मुलांनी एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे की खुणा दिसत असतील किंवा बेत आधीच ठरला असेल तर 'गोइंग टू बी' अधिक शोभते.

आणि वेळापत्रकातील गोष्ट असेल तर इंग्रजी आपल्यासारखीच साध्या वर्तमानावर येते. "उद्या सहाला गाडी आहे." देअर इज अ बस ॲट सिक्स टुमारो. इथे दोन्ही भाषा बहिणी वाटतात.

नकाराचा प्रकार वेगळा आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्याने पाण्याचे काय हाल काढले ते इथल्या बायाबापड्यांना सांगायला नको. टँकरची वाट पाहण्यात दिवस गेले. पाण्याच्या सूचनेची मराठी नेहमी अशी असते: "शुक्रवारी पाणीपुरवठा बंद राहील." विद्यार्थी याचे इंग्रजी करतो, वॉटर सप्लाय विल रिमेन क्लोज्ड. समजते, पण इंग्रजीत ही सूचना साध्या शब्दांत अशी लिहितात: देअर विल बी नो वॉटर सप्लाय ऑन फ्रायडे. आपण आहे ती गोष्ट बंद करतो. इंग्रजी सरळ म्हणते की ती गोष्टच नसेल. नोकरीच्या जाहिरातीत आणि परीक्षेच्या सूचनांत 'देअर विल बी नो' दिसले की बोट ठेवून वाचावे. पुढे काय मिळणार नाही हे तिथे लिहिलेले असते.

आणि टँकर येणार म्हणून सांगून गेले, पण आला नाही? मग 'विल' मागे सरकतो आणि 'वुड' होतो. दे सेड देअर वुड बी अ टँकर. कोणीतरी पूर्वी दिलेला शब्द आज सांगताना 'वुड' लागतो. हे वाक्य आपल्या गावांना फार वेळा वापरावे लागते.

प्रत्येक 'असेल' ला 'देअर' लावू नये, हेही सांगितले पाहिजे. गोष्ट ऐकणाऱ्याला नवी असेल तरच रुमाल. "चौकात पुतळा होणार आहे," ही बातमी पहिल्यांदाच सांगतो आहोत, तर देअर इज गोइंग टू बी अ स्टॅच्यू इन द स्क्वेअर. पण ज्या पुतळ्याविषयी आधीच बोलणे चालले आहे, तो कुठे असेल एवढेच सांगायचे, तर द स्टॅच्यू विल बी इन द स्क्वेअर. 'अ' आणि 'द' यांचे भांडण इथेच मिटते. तसेच "पोरगी डॉक्टर होईल" याला 'देअर' नाही. शी विल बी अ डॉक्टर किंवा शी विल बिकम अ डॉक्टर.

आता या विषयाच्या सर्वांत मोठ्या जागेकडे येऊ. ती जागा म्हणजे आपल्या देशाचे संविधान.

घटनेचा मसुदा इंग्रजीत लिहिला गेला. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना स्वीकारली गेली आणि २६ जानेवारी १९५० रोजी ती अमलात आली. या इंग्रजी घटनेत एक वाक्यरचना पुन्हा पुन्हा भेटते, 'देअर शॅल बी'. कलम ५२, देअर शॅल बी अ प्रेसिडेंट ऑफ इंडिया. कलम १२४ मध्ये सर्वोच्च न्यायालय, ७९ मध्ये संसद, १५३ मध्ये प्रत्येक राज्याचा राज्यपाल, २१४ मध्ये उच्च न्यायालय, सगळीकडे हीच रचना. रुमाल टाकला आहे आणि मागून एकेक मोठा प्रवासी येऊन बसतो आहे!

घटना स्वीकारली त्या दिवशी यांतला राष्ट्रपती नव्हता. राजेंद्र प्रसाद यांची निवड २४ जानेवारी १९५० ला झाली. सर्वोच्च न्यायालयही नव्हते, ते २६ जानेवारीला अस्तित्वात आले आणि २८ जानेवारीला त्याचे उद्घाटन झाले. जे नाही ते असेल असे लिहायचे आणि त्या लिहिण्यातूनच ते उभे करायचे, हे काम 'देअर शॅल बी' ने केले. ही रचना मसुदा समितीने नव्याने काढलेली नव्हे. इंग्रजी कायद्याची ती जुनी रीत आहे आणि १९३५ च्या भारत सरकार कायद्यातही ती आहे. पण ती कोणासाठी आणि कशासाठी वापरली हे महत्त्वाचे.

'शॅल' आणि 'विल' मध्ये फरक काय? 'रेन अँड मार्टिन' च्या व्याकरणात ज्यांनी डोके घातले त्यांना जुना नियम पाठ असेल. आय, वी यांना साधा भविष्यकाळ सांगताना 'शॅल', बाकी सर्वांना 'विल'. आणि उलट केले, म्हणजे तो, ती, ते यांना 'शॅल' लावला, की त्यात हुकूम किंवा वचन येते. आजच्या बोलण्यात हा नियम फारसा राहिलेला नाही. 'शॅल वी गो?' अशा विचारण्यापुरता 'शॅल' उरला आहे. पण कायद्याच्या भाषेत त्याचा हुकूम शाबूत आहे. 'देअर विल बी' मध्ये खबर असते, 'देअर शॅल बी' मध्ये बंधन असते.

मराठीत कलम ५२ चा तर्जुमा, भारताचा एक राष्ट्रपती असेल, असा आहे. इथेही 'असेल' च! टेंभुर्णीच्या त्या काकांनी वाचले असते तर म्हणाले असते, असेल नाही तर नसेल. हिंदी प्रतीत 'होगा' आहे, त्याचीही तीच गत. कायद्याच्या मराठीत पुष्कळदा 'राहील' वापरतात. अध्यक्षांचा निर्णय अंतिम राहील, असे स्पर्धेच्या पत्रकावरही असते. 'राहील' मध्ये 'असेल' पेक्षा ठामपणा आहे असे मला वाटते, पण राष्ट्रपती राहील म्हटले तर तो कुठे राहील असा प्रश्न उभा राहतो. तेव्हा 'असेल' बरा, मात्र घटनेतला 'असेल' हा अंदाज नाही हे वाचताना ध्यानात ठेवायचे.

कलम १६ (१) पाहा. सरकारी नोकरीच्या बाबतीत सर्व नागरिकांना समान संधी असेल असे ते सांगते. इंग्रजीत सुरुवात तीच, देअर शॅल बी इक्वॅलिटी ऑफ ऑपॉर्च्युनिटी. राष्ट्रपती हा माणूस, न्यायालय ही इमारत आणि न्यायाधीश. पण समान संधी ही डोळ्यांना दिसणारी वस्तू नाही. तरी तिलाही त्याच रचनेत बसवले. राष्ट्रपती असलाच पाहिजे, तशी संधीची समानताही असलीच पाहिजे.

कलम ३३८ मध्ये मुळात अनुसूचित जाती व जमातींसाठी एक विशेष अधिकारी असेल, असे 'देअर शॅल बी' होते. १९९० च्या ६५ व्या दुरुस्तीने अधिकाऱ्याच्या जागी आयोग आला आणि २००३ च्या ८९ व्या दुरुस्तीने अनुसूचित जातींचा आयोग व जमातींचा आयोग वेगळे झाले. प्रवासी बदलले, पण 'देअर शॅल बी' जागेवरच आहे.

आणि मग येते कलम १७. संविधान सभेने ते २९ नोव्हेंबर १९४८ रोजी मंजूर केले. अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे आणि कोणत्याही रूपात ती पाळण्यास मनाई आहे. इंग्रजीत इथे 'शॅल बी अबॉलिश्ड' नाही. 'इज अबॉलिश्ड' आहे. नष्ट होईल असे लिहिले नाही, नष्ट झाली असे लिहिले. त्याच कलमाच्या पुढच्या वाक्यात शिक्षेची गोष्ट येते तेव्हा मात्र 'शॅल' येतो, कारण गुन्हा पुढे घडला तर शिक्षा पुढे व्हायची. तीन ओळींच्या आत वर्तमान आणि भविष्य यांची अशी वाटणी केली आहे. मुलांना काळ शिकवायचा तर याहून चांगला धडा मला तरी माहीत नाही.

'शॅल' च्या शेजारी काय बसले आहे तेही पाहावे लागते. मूळ कलम ४५ मध्ये लिहिले होते की चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्यासाठी राज्य दहा वर्षांच्या आत प्रयत्न करील. इंग्रजीत 'शॅल एन्डेव्हर टू प्रोव्हाइड'. बंधन होते ते प्रयत्न करण्याचे. दहा वर्षे १९६० साली संपली. पुढे २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने कलम २१-क आले आणि ते १ एप्रिल २०१० पासून लागू झाले. त्यात 'शॅल प्रोव्हाइड' आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलांना राज्य शिक्षण देईल. मधला 'एन्डेव्हर' काढायला अर्धशतक लागले.

गावाच्या कारभारातही हा भेद आहे. ७३ वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला अमलात आली. प्रत्येक राज्यात पंचायती स्थापन केल्या जातील, तिथे 'शॅल' आहे. पण ग्रामसभेच्या अधिकारांच्या कलमात 'मे' आहे, म्हणजे राज्याचा कायदा ठरवील तेवढे अधिकार ग्रामसभा वापरू शकेल.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आली. त्याआधी पाचवीत ए-बी-सी-डी सुरू व्हायची, आणि घरात कुणाकडे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला असली तर ती शेजारीपाजारी फिरायची. आता पहिलीच्या पोरांना रंगांची आणि फळांची नावे इंग्रजीत येतात, पण दहावीला पोचलेल्या कितीतरी मुलांचे वाक्य अजून 'मीटिंग विल बी' वरच थांबते.

टेंभुर्णीच्या त्या मुलाने पत्र जपून ठेवले होते. वस्तीतील एका घराच्या ओट्यावर संध्याकाळी मुले अभ्यासाला बसतात, तिथे त्याने ते आणून दाखवले. दुसऱ्या वाक्याखाली त्याने पेनाने रेघ ओढली होती. नववीतल्या एका मुलीने ते वाचले आणि मराठीत सांगितले, "सकाळी लेखी परीक्षा आहे." तिने 'असेल' म्हटले नाही. "तुला कसं कळलं?" असे त्याने विचारले तेव्हा ती म्हणाली, "दादा, मे नाही ना लिहिलेलं."

घरी मुलांकडून ही वाक्ये इंग्रजीत करून घ्यावीत. उद्या गावात टँकर येणार आहे. शनिवारी वीज नसेल. आठनंतर गाडी असेल का? नव्या शाळेत सहा वर्ग असतील. बाबा पारावर असतील. पहिल्या चार वाक्यांत रुमाल लागतो. टँकर 'येणार' असला तरी देअर विल बी अ टँकर म्हटले की काम होते. पाचव्यात लागत नाही, कारण बाबा नवे नाहीत आणि तो अंदाज आहे. त्याचे उत्तर, फादर मस्ट बी ॲट द पार. 'पार' ला इंग्रजी शब्द शोधत बसू नये.